मेन जेट मोठा करा म्हणणाऱ्यांनो, आधी सील बघा

रामबाग_टूस्ट्रोक
काल इथे एकाने लिहिलं: "इंदूर उंचावर, त्यात आता ई-२० पेट्रोल. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा मेन जेट दोन नंबर मोठा करून घ्या. नवा नाही मिळाला तर मिस्त्री जुन्यालाच ड्रिल मारून देतो." खाली सगळे 'धन्यवाद दादा' म्हणून राहिले आहेत. म्हणून सविस्तर लिहितो. मेन जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं ते बारीक भोक, ज्यातून फुल थ्रॉटलला पेट्रोल जातं. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

उंचीचं कारण सरळ उलटं आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर. हवा विरळ झाली की त्याच जेटमधून येणारं पेट्रोल हवेच्या मानाने जास्त पडतं. मिश्रण रिच होतं. उंचीसाठी जेट बदलायचाच तर लहान करतात. मे महिन्यात ४२ डिग्रीला हवा आणखी विरळ होते, म्हणजे अजून रिच.

ई-२० चं मात्र खरं आहे. निव्वळ पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के लीन, पेट्रोल कमी पडतं, आणि फार लीन झालं तर इंजिन तापून पिस्टन पकडतो. पण एलएमएल स्कूटरच्या स्पाको कार्बोरेटरमध्ये जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, आणि पेट्रोल जातं ते क्षेत्रफळाच्या हिशोबाने. १०० चा १०४ केला की आठ टक्के झाले. दुकानातला १.१ मिमीचा ड्रिल मारला तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं! वर आतून ओरखडे पडतात ते वेगळेच.

आणि जुनी स्कूटर लीन चालते ती बहुतेक वेळा जेटमुळे नाहीच. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील (क्रँकशाफ्टभोवतीची रबरी रिंग) कडक झालेलं असतं, नाहीतर कार्बोरेटरखालचं गॅस्केट दबून सैल झालेलं असतं, आणि तिथून इंजिन हवा ओढतं. थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायला वेळ लागत असेल तर जेटला हात लावू नका. आधी सील बघा.

छावणी_गॅरेज
दादा, हिशोब बरोबर आहे, पण तो मे महिन्याचा आहे. जानेवारीत सकाळी पारा आठ-नऊवर असतो. हवा घट्ट, उष्णतेची सवलत संपली, आणि ई-२० चा लीनपणा पूर्ण अंगावर येतो. माझ्या वडिलांची एलएमएल थंडीतच बायपासवर पकडली. पिस्टन सिलिंडरला चिकटला, मागचं चाक लॉक. प्लग काढला तर पांढरा फटक, म्हणजे मिश्रण लीन. त्यानंतर मोठा जेट टाकला, आजपर्यंत परत पकडली नाही.

ड्रिल मारतो म्हणून आम्हाला अडाणी ठरवू नका. कंपनीचा जेट मिळतो कुठे? डुप्लिकेट मिळतो, त्यावर १०२ कोरलेलं असतं आणि भोक निघतं काहीच्या काही. मी ड्रिल मशीन वापरतच नाही. जेट रीमरचा सेट आहे, हाताने फिरवायचा, दोन-दोन पॉइंटने वाढवायचा. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याला "सहा महिने थांबा, जेट मागवतो" सांगायचं का?

तिलकनगर_रहिवासी
तुमचा जेट १०० असो की १०४, आमच्या गल्लीत सकाळी जो निळा धूर पसरतो त्याचं काय? सासूबाईंना दमा आहे, खिडकी उघडता येत नाही. स्वच्छतेत शहर २०१७ पासून पहिल्या नंबरावर, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि हवेत मात्र हे. गाड्या ट्यून करू नका, भंगारात काढा.

रामबाग_टूस्ट्रोक
ताई, निळा धूर जेटचा नसतो, ऑइलचा असतो. लोक पंपावर पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी ऑइल अंदाजाने ओततात, जास्त घातलं की इंजिन टिकेल असं समजतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइलसुद्धा आत ओढलं जातं आणि जळतं. गाडी नीट राखली तर धूर दिसत नाही. माझ्या गाडीचं पीयूसी आहे.

तिलकनगर_रहिवासी
पीयूसीचं मला सांगू नका. आमच्या स्कूटीचं काढायला गेले, त्या माणसाने नंबर प्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले, कागद दिला. नळी सायलेन्सरमध्ये घातलीच नाही! मी विचारलं तर म्हणे, "मॅडम, नवीन गाडी आहे, पासच होते."

छावणी_गॅरेज
ताई, हे मात्र शंभर टक्के खरं. आणि नळी घातली तरी काय कळतं? दुचाकीचं माप आयडलवर घेतात. २००० च्या आधीच्या गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, नंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५. आयडलवर मेन जेट कामच करत नाही, स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू करतात. पीयूसीपुरता स्क्रू फिरवायचा आणि घरी येऊन परत जागेवर आणायचा, हे सगळ्या शहराला माहीत आहे. दादांनी पीयूसीचा दाखला दिला म्हणून बोलावं लागलं.

रामबाग_टूस्ट्रोक
मी स्क्रू फिरवून पास करून घेत नाही. न विचारता आरोप करू नकोस.

पीथमपूर_जुना
मुलांनो, भांडू नका, पण या बाईंचं बोलणं टाळूही नका. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच नवं मिश्रण आत येतं, त्याचा मोठा हिस्सा न जळता बाहेर जातो. हा रचनेतला दोष आहे. कितीही ट्यून करा, तो जात नाही. मला या गाड्यांचं प्रेम आहे, कायनेटिक होंडा आमच्या पीथमपूरला बनायची, तरी हे सांगतो.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे लोक कायनेटिक घेऊन येतात, "काका, पिकअप नाही, जेट बदलून द्या." मी आधी व्हेरिएटर (आपोआप गिअर बदलणारा बेल्टचा भाग) उघडतो. रोलर एका बाजूने चपटे झालेले, बेल्ट झिजलेला. ते बदललं की पिकअप परत येतो. नाहीतर सायलेन्सर कार्बनने चोक. आतला कार्बन काढला की गाडी मोकळी होते, काळा प्लग ब्राउन यायला लागतो. आणि कालच्या पोस्टखाली कुणी "नीडलची क्लिप एक घर वर करा" लिहिलं होतं. एलएमएलच्या त्या कार्बोरेटरमध्ये नीडल (पेट्रोल कमीजास्त सोडणारी सुई) नसतेच! सल्ला देणाऱ्याने गाडी तरी विचारावी.

तिलकनगर_रहिवासी
काका, निदान तुम्ही खरं बोललात. मग अशा गाड्या रोज ऑफिसला कशाला चालवायच्या? रविवारी काढा, शहराबाहेर न्या.

छावणी_गॅरेज
ताई, माझ्या गिऱ्हाइकांत भाजीवाले आहेत, अंडीवाले आहेत. त्यांना रविवारची हौस नाही. इलेक्ट्रिक घ्यायला पैसे तुम्ही देणार का? दम्याचं वाईट वाटतं मला, मनापासून. पण पोट त्या गाडीवर आहे.

रामबाग_टूस्ट्रोक
धुरासाठी वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. छावणी, मला एकच सांग. वडिलांची गाडी पकडली तेव्हा जेटबरोबर अजून काय बदललं?

छावणी_गॅरेज
इंजिन उघडलंच होतं. बोअर, पिस्टन किट, दोन्ही सील, गॅस्केट. सगळं नवीन टाकलं.

रामबाग_टूस्ट्रोक
मग जेटने वाचवलं हे कशावरून? सील नवीन पडलं, बाहेरची हवा बंद झाली. जुन्या जेटवरही चालली असती.

छावणी_गॅरेज
नसतीही चालली. जुना जेट लावून बायपासवर फुल थ्रॉटल द्यायची आणि परत पकडते का बघायचं? पिस्टन किट काय फुकट येतं? सील आधी बघावं, हे मानतो. माझ्याकडे येणाऱ्याचं मी बघतोच. पण सगळं नवीन असूनही थंडीत प्लग पांढरा येतो अशा गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना मोठा जेटच लागतो.

रामबाग_टूस्ट्रोक
थंडीचा मुद्दा तुझा. तो मी धरला नव्हता. रीमरने दोन पॉइंट वाढवणं आणि ड्रिल मारणं यात फरक आहे, तेही मान्य. पण कालच्या पोस्टमध्ये 'ड्रिल' लिहिलंय आणि वाचणारा तेच करणार.

गाडी घेऊन ये. माझ्याकडे ९८ पासून १०६ पर्यंत जेट आहेत, पिन गेजने (ठरलेल्या जाडीच्या सुयांनी) मोजलेले. मोठ्यापासून सुरू करू आणि एकेक खाली येऊ. लहानापासून वर चढत गेलं तर एखादी चूक पिस्टन खाते. प्रत्येक जेटला नवा प्लग लावायचा, बायपासवर फुल थ्रॉटल द्यायचा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. घरापर्यंत आयडलवर आणलेला प्लग काही सांगत नाही.

छावणी_गॅरेज
जानेवारीत येतो, सकाळी सातला. तुमच्या मे महिन्यात नाही.

पीथमपूर_जुना
तोपर्यंत टाकीखालचा पाइप आणि फ्लोटची पिन बदलून घ्या दोघंही. इथेनॉलने जुनं रबर फुगतं. फ्लोटची लेव्हल हलली तर तुमच्या सगळ्या जेटांचं माप फुकट.