मोडी कागदांचे स्कॅन दोन संगणकांवर सारखे ठेवण्यासाठी कोणते साधन वापरावे?

रामबागकर, इंदूर
होळकर संस्थानाच्या काळातील आमच्या घरचे मोडी कागद मी स्कॅन करत आहे. स्कॅनर विंडोजच्या डेस्कटॉपला जोडलेला आहे आणि लिप्यंतर मी लिनक्सच्या लॅपटॉपवर करतो, त्यामुळे सुमारे १८० जीबीचे फोल्डर दोन्हीकडे सारखे राहायला हवे. गेल्या महिन्यात एकतर्फी मिररिंगच्या (एक फोल्डर हुबेहूब दुसऱ्यासारखे करण्याच्या) आज्ञेत माझ्याकडून दोन फोल्डरांची जागा उलटी पडली आणि चाळीस पानांचे लिप्यंतर पुसले गेले. ते काम पुन्हा करताना फार जिवावर आले. आरसिंक, युनिसन आणि सिंकथिंग या फोल्डर जुळवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी काय निवडावे?

लष्करवासी, ग्वाल्हेर
आपल्या फोल्डरात दोन वेगळ्या स्वभावाच्या फाइली एकत्र राहत आहेत, आणि मला खरी अडचण तीच वाटते. स्कॅन एकाच दिशेने जातात, लिप्यंतर मात्र दोन्हीकडे बदलू शकते. ट्रिजेल आणि मॅकेरस यांचे १९९६ पासूनचे आरसिंक एकतर्फी कामासाठी उत्तम आहे. फाइलीचा बदललेला भागच ते पाठवते, पण एकदा केलेला स्कॅन बदलत नसल्याने त्या गुणाचा आपल्याला फारसा उपयोग नाही. ‘डिलीट’ पर्याय देण्याआधी ‘ड्राय-रन’ने, म्हणजे काहीही न बदलता केलेल्या चाचणीने, काय पुसले जाणार आहे, ते अवश्य पाहावे.

लिप्यंतरासाठी मी युनिसन सुचवीन. मागच्या वेळी दोन्ही बाजू कशा होत्या याची नोंद ते ठेवते, आणि एकच फाइल दोन्हीकडे बदललेली आढळली तर स्वतः निर्णय न घेता आपल्याला विचारते. आवृत्ती २.५२ किंवा त्यानंतरची घ्यावी, कारण जुन्या आवृत्त्या दोन्ही संगणकांवर तंतोतंत जुळाव्या लागत.

दांडियाबाजार, वडोदरा
स्कॅनसाठी सिंकथिंग अधिक सोयीचे होईल. ते पार्श्वभूमीत सतत चालते आणि फाइली मधल्या कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर साठत नाहीत. मात्र दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असावे लागतात. डेस्कटॉपवर फोल्डर ‘फक्त पाठवणे’ आणि लॅपटॉपवर ‘फक्त स्वीकारणे’ असे ठेवले, की लॅपटॉपवरील चूक मूळ स्कॅनपर्यंत पोहोचत नाही. डेस्कटॉपवर पुसलेली फाइल मात्र लॅपटॉपवरूनही जाते, म्हणून तेथे जुन्या आवृत्त्या जपण्याचा पर्याय स्वतः सुरू करावा, कारण तो मुळात बंद असतो. याखेरीज एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, एरवी केबल काढून ठेवलेली, असावीच.

रामबागकर, इंदूर
दोघांचेही आभार. स्कॅन आणि लिप्यंतर आजच वेगळ्या फोल्डरांत हलवतो. भाच्याचा जुना मॅक पुढे यात येणार आहे आणि फाइलींची नावे मराठीत आहेत. त्याने काही बिघडेल का?

लष्करवासी, ग्वाल्हेर
‘दुसऱ्या’सारख्या नावांकडे लक्ष ठेवावे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एका चिन्हाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि मॅकची डिस्कवर फाइली ठेवण्याची जुनी एचएफएस प्लस पद्धत दुसरे रूप साठवते. मग दिसायला एकच असलेली नावे आरसिंकला दोन वाटतात. त्यावर आरसिंकमध्येच नावांचे रूप बदलून देणारा ‘आयकॉन्व्ह’ पर्याय आहे. तरी माझ्या मते नावांत तारीख आणि दप्तराचा क्रमांक एवढेच ठेवावे.