नववीच्या वर्गाला ‘दान्सोन क्रमांक २’ ऐकवायचे आहे, सल्ला हवा (सोलापूर)

संगीतशिक्षिका_पूर्वभाग:
नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत संगीत शिकवते. मेक्सिकोचे संगीतकार आर्तुरो मार्केस (जन्म १९५०) यांची ‘दान्सोन क्रमांक २’ ही रचना नववीच्या मुलांना ऐकवण्याचा विचार आहे. दान्सोन हा क्यूबातून व्हेराक्रूझ बंदरामार्गे मेक्सिकोत रुजलेला जोडीचा नाच असून, एका हयात संगीतकाराने त्यातून सबंध वाद्यवृंदाची रचना उभी केली, ही गोष्ट गणेशोत्सवात लेझीम खेळणाऱ्या आमच्या मुलांना नक्की भिडेल. माझ्याकडे ३५ मिनिटांची एक तासिका आणि शाळेने मंजूर केलेले २,००० रुपये आहेत. कोणते ध्वनिमुद्रण निवडावे, रचना पूर्ण ऐकवावी की तुकडा, आणि या रकमेत कोणता स्पीकर बसेल, हे कृपया सांगावे.

नवीपेठ_श्रोता:
ताई, २,००० रुपयांत स्पीकर घेऊ नका. मी नवी पेठेतून साडेनऊ हजारांचा घेतला. त्यावर डबल बेस या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याची तार छेडलेली छातीत जाणवते. शाळेकडून रक्कम वाढवून घ्या, पुन्हा पुन्हा खर्च करावा लागणार नाही. ध्वनिमुद्रणाबाबत दुसरा विचारच नको. वाद्यवृंद-संचालक गुस्ताव्हो दुदामेल आणि व्हेनेझुएलाचा सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंद यांनी २००७ च्या दौऱ्यात ही रचना जगभर पोहोचवली. वादक तरुण आहेत, मुलांना ते आपले वाटतील.

सेवानिवृत्त_सर:
मी हीच रचना एका कार्यक्रमात लावली आणि पहिली दोन मिनिटे कोणालाही काही ऐकू आले नाही. आरंभी एकटी क्लॅरिनेट हळू आवाजात सूर धरते, मग ओबो हे दुसरे फुंकवाद्य तिला येऊन मिळते, आणि आमच्या सभागृहात डोक्यावर पंखे घरघरत होते. उन्हाळ्यात सोलापुरात पंखे बंद करा म्हणण्याची सोय नाही. आरंभ गाळून जोरकस भागापासून सुरुवात करावी, हे माझे अनुभवाचे मत आहे.

अभ्यासक_७२:
लोकनृत्यच शिकवायचे तर हंगेरीचा संगीतकार बार्टोक याच्यापासून सुरुवात करावी. त्याने १९०६ पासून गावोगाव फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र नेऊन गाणी टिपली आणि १९१५ मध्ये पियानोसाठी ‘रुमानियन लोकनृत्ये’ रचली. सहा छोटे नाच आहेत, पहिलाच काठीचा. सगळे मिळून सात मिनिटांच्या आत संपतात.

व्हायोलिन_विद्यार्थी:
सर, बार्टोक १९४५ मध्ये गेले. ताईंना हयात संगीतकार हवा आहे. मार्केस यांचेच ‘फान्दांगो’ का ऐकवू नये? व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची ही रचना व्हायोलिनवादक ॲन अकिको मायर्स यांच्यासाठी लिहिली गेली आणि २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये प्रथम सादर झाली. मार्केस यांचे वडील मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताचे वादक होते, त्यामुळे हे सूर त्यांच्या घरातलेच आहेत. मी स्वतः व्हायोलिन शिकत असल्याने माझे मन तिकडेच ओढ घेते.

अभ्यासक_७२:
‘फान्दांगो’ अर्ध्या तासाची रचना आहे. ३५ मिनिटांच्या तासिकेत हजेरी कधी घ्यायची?

सांगोलेकर:
आरंभ गाळा, हेच मीही सांगतो, आणि स्पीकर किमान पाच हजारांचा असावा. मात्र सुरुवात आपल्या गजीनृत्यापासून करा. मधोमध ढोल आणि भोवती संथ फेर धरणारे धनगर मुलांनी पाहिलेले असतात. ज्याला स्वतःचा फेर माहीत आहे, त्याला व्हेराक्रूझचा फेर समजावून सांगावा लागत नाही.

हलगी_घुमके:
ताई, दान्सोनच्या मुळाशी असलेला ‘सिंकियो’ हा ठेका मुलांच्या हातात आधी बसवा. आठ मात्रा मोजा आणि पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या व सातव्या मात्रेवर टाळी द्या. पाच टाळ्यांत लांब, आखूड, लांब, आखूड, लांब अशी चाल तयार होते. पहिल्या आवर्तनात मुले घाई करून पाचवी टाळी आधीच वाजवतात; तेव्हा रिकाम्या मात्रेवर पाऊल टाकायला सांगावे, म्हणजे चाल सावरते. मार्केस यांच्या रचनेत क्लॅव्हेज, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या दोन कडक लाकडी काठ्या, क्लॅरिनेटसोबत पहिल्यापासून चालतात. आरंभ गाळला तर नेमके तेच हातचे जाईल. आणखी एक सांगतो. पारंपरिक दान्सोनमध्ये आरंभीचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि त्या वेळी जोड्या नाचत नाहीत. उभ्या राहून ऐकतात, पंख्याने वारा घेतात. नाचाच्या आतच थांबण्याला जागा आहे, हे मुलांना अवश्य सांगा.

नवीपेठ_श्रोता:
सर्व मान्य, पण क्लॅव्हेजचा टणकपणा स्वस्त स्पीकरवर पत्र्यासारखा वाजेल, हे मी पुन्हा सांगतो.

संगीतशिक्षिका_पूर्वभाग:
सर्वांचे मनापासून आभार. मी स्पीकर घेत नाही. मंजूर रक्कम आमच्या लेझीम पथकासोबत वाजवणाऱ्या हलगीवादकांना मानधन म्हणून देण्यास मुख्याध्यापिकांनी संमती दिली आहे. ते मैदानात कागद पेटवून हलगी शेकतील, तिचे चामडे ताणले की सिंकियो वाजवतील आणि मुले टाळ्या व पावलांनी तो धरतील. नंतर वर्गात शाळेच्या जुन्या स्पीकरवर दुदामेल यांचे ध्वनिमुद्रण पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, सुमारे दहा मिनिटे, ऐकवेन. सकाळची पहिली तासिका मागून घेतली आहे; त्या वेळी पंखे बंद ठेवता येतात. शेजारच्या यंत्रमागांची खटखट मात्र थांबणार नाही. हलगी_घुमके, मोठ्या गटात तो ठेका किती संथ लयीत सुरू करावा, एवढे कृपया सांगाल का?

हलगी_घुमके:
चालण्याच्या लयीत सुरू करा, आणि वादकांना आधीच सांगून ठेवा की मुलांसाठी लय वाढवायची नाही. हलगी हातात आली की लय चढतेच.

सेवानिवृत्त_सर:
आरंभ गाळावा, या मतावर मी अजूनही ठाम आहे.