मदत हवी आहे: १८०६ च्या सोन्याच्या हाफ ईगलची डाय व्हरायटी आणि त्यावरील रेषा

नमस्कार मंडळी,

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १८०६ साली पाडलेले पाच डॉलरचे सोन्याचे नाणे, म्हणजेच हाफ ईगल, विकत घेण्याचा माझा विचार आहे. नाणे कोणत्याही ग्रेडिंग संस्थेकडून तपासून सीलबंद केलेले नाही. विक्रेता ते दुर्मीळ व्हरायटीचे, म्हणजे दोन बाजू उमटवणाऱ्या ठशांच्या (डायच्या) एका दुर्मीळ जोडीतून पडलेले, असल्याचे सांगून नेहमीपेक्षा बरीच चढी किंमत मागत आहे. या मालिकेची नाणी ज्यांनी हाताळली आहेत त्यांचे मत घेतल्याशिवाय मला पुढे जायचे नाही.

जे मी स्वतः तपासले ते आधी सांगतो. वजन ८.७१ ग्रॅम भरते. १८३४ पूर्वीच्या हाफ ईगलचे ठरलेले वजन ८.७५ ग्रॅम आणि सोने २२ कॅरेट होते, त्यामुळे किंचित झीज धरता हे योग्य वाटते. दर्शनी बाजूवर स्वातंत्र्यदेवतेच्या डावीकडे आठ आणि उजवीकडे पाच तारे आहेत, तसेच सालातील ६ चा माथा टोकदार आहे. गोल माथ्याच्या ६ चे नाणे डावीकडे सात आणि उजवीकडे सहा तारे असलेल्या एकाच डायजोडीतून आले आणि तेच आज सर्वांत सहज मिळते. म्हणजे त्या जोडीचा बीडी-६ हा क्रमांक (बास आणि डॅनरॉयटर या अभ्यासकांच्या यादीतला) बाद झाला. या सालच्या उरलेल्या पाच डायजोड्यांपैकी हे कोणत्या जोडीचे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

त्या काळी तारे, अक्षरे आणि सालाचे आकडे डायवर हाताने एकेक ठोकून उमटवत, म्हणून कोणत्याही दोन डायमध्ये त्यांच्या जागा तंतोतंत जुळत नाहीत. बास आणि डॅनरॉयटर यांची क्रमांकपद्धती याच फरकांवर उभी आहे. ६ चे टोक देवतेच्या छातीपासून किती दूर आहे, शेवटचा तारा छातीच्या किती जवळ येतो आणि मागच्या बाजूस गरुडाच्या पंखांची टोके व चोच कोणत्या अक्षराखाली किंवा ताऱ्याजवळ येतात, एवढे मी भिंगातून पाहून टिपले आहे. तथापि छापील छायाचित्रांशी ताडून पाहताना दोन डायजोड्यांमध्ये माझा निर्णय होत नाही. मागच्या बाजूस काठापासून एका अक्षराच्या बुंध्यातून जाणारी बारीक उठावदार रेषाही दिसते. ती डायला गेलेल्या तड्याची असावी, कारण डायमधील तडा नाण्यावर उंचवट्याच्या रूपाने उतरतो. हा तडा कोणत्या जोडीत आणि कोणत्या टप्प्यावर आढळतो, हे कोणाला ठाऊक असल्यास निर्णय बराच सोपा होईल.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गरुडाच्या छातीवरील ढालीवर तिरप्या, समांतर, खोल रेषा आहेत. वजन जास्त भरलेली कोरी चकती ठसा मारण्यापूर्वी कानशीने घासत असत. डायचा दाब जिथे पुरेसा पोचत नाही तिथे, म्हणजे उंच भागांवर आणि काठावर, ते व्रण टिकून राहतात. ढालीवरच्या रेषा अशाच आहेत आणि सपाट भागात येताच त्या विरून जातात, म्हणून त्यांची मला चिंता नाही. परंतु शेपटीपासून निघालेली एक रेषा सपाट भाग ओलांडून थेट अक्षरापर्यंत जाते, तिच्या कडेला धातू किंचित वर आलेला आहे आणि तिचा तळ आजूबाजूच्या सोन्यापेक्षा चकचकीत आहे. हा मला नंतरचा ओरखडा वाटतो.

त्यातच नाण्याच्या वरच्या बाजूला, जिथे आपल्याकडे पुतळीला कडी लावतात नेमक्या त्याच जागी, काठावरच्या उभ्या रेघा थोड्या अंतरापर्यंत बुजल्या आहेत. डाखाचा वेगळा रंग मला दिसला नाही. तरीही कडी काढून काठ घासून सारखा केला असेल, तर ग्रेडिंग संस्था त्याला अंकी दर्जा न देता दोषाची नोंद करील, आणि मग दुर्मीळतेपोटी दिलेल्या जादा पैशांना फारसा आधार उरणार नाही.

विक्रेता दुर्मीळतेच्या श्रेणीतला आर-६ हा दर्जा सांगतो, म्हणजे त्या डायजोडीची १३ ते ३० नाणीच आज ज्ञात आहेत. ते खरे असले तरी, पाच डॉलरच्या नाण्यांचा डायजोडीनुसार संग्रह करणारे मोजकेच असतात, आणि बाकी ग्राहक नाण्याच्या पृष्ठभागाकडे आधी पाहतात, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून व्हरायटी खरी ठरली तरी निर्दोष सामान्य नाण्याहून जास्त रक्कम या नाण्याला द्यावी का, याविषयी मला अनुभवी संग्राहकांचे स्पष्ट मत हवे आहे.

दोन्ही बाजूंची आणि काठाची तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे पहिल्या प्रतिसादात देत आहे. व्यवहाराची पूर्वअट म्हणून नाणे आधी माझ्या खर्चाने तपासणीला पाठवावे, अशी विनंती विक्रेत्याला करणे या क्षेत्रात रीतसर मानले जाते का, हेही कृपया सांगावे. त्याला या आठवड्याअखेर उत्तर द्यायचे आहे.