बिऱ्हाड हलवण्याआधी: गॅस, वॉशिंग मशीन आणि पुस्तके
पुण्याहून नागपूरला बिऱ्हाड हलवताना काय काळजी घ्यावी, या प्रश्नावर काचेची भांडी कशी बांधावीत हे इतरांनी पुरेसे लिहिले आहे. मला गॅसविषयी सांगावेसे वाटते. गाव बदलत असेल तर सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून अनामत रक्कम परत घ्यावी लागते आणि टर्मिनेशन व्हाउचर (जुनी जोडणी बंद केल्याचा कागद) मिळते, जे नव्या गावी जोडणी घेताना दाखवावे लागते. त्यासाठी मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (जोडणी घेताना मिळालेला कागद) हाताशी हवे, आणि नेमका तोच कागद आमच्याकडे लग्नाच्या अल्बममध्ये निघाला.

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात हिंदकळू नये म्हणून मागच्या बाजूला बसवायचे बोल्ट मशीनसोबतच आलेले असतात. ते बहुतेक घरांत केव्हाच भंगारात गेलेले असतात, तरीही एकदा माळा शोधून पाहावा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळल्यावर आतून कोरडा पुसावा. पुस्तके मात्र लहान खोक्यांतच भरावीत. आम्ही टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात दिवाळी अंक कोंबले होते आणि दुसऱ्या जिन्यावर त्याचा तळ सुटला.