मदत हवी आहे: डिस्चार्जला पाच तास लागतात, मॉडेल दोनच तास दाखवतं

गुणवत्ता_कक्ष

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या ठिकाणचं 120 बेडचं ट्रस्ट रुग्णालय आहे. दिवसाला साधारण 24 डिस्चार्ज होतात. राउंडला 'आज घरी सोडा' असं फाइलवर लिहिल्यापासून पेशंट बेड सोडेपर्यंत सरासरी पाच तास जातात. तोवर कॅज्युअल्टीतले नवे पेशंट स्ट्रेचरवर. विश्वस्तांचं म्हणणं, बिलिंगला आणखी एक माणूस घ्या आणि विषय संपवा.

तसं करण्याआधी सिमपायमध्ये (पायथनची सिम्युलेशन लायब्ररी) डिस्क्रीट इव्हेंट मॉडेल तयार केलं आहे, म्हणजे एकेक फाइल टप्प्याटप्प्याने पुढे सरकते तसं कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. एचआयएसमधल्या (रुग्णालयाची संगणक नोंद प्रणाली) वेळा घेतल्या आहेत: डिस्चार्ज कार्ड, औषधं परत, लॅबची बाकी, अंतिम बिल, पैसे किंवा टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे मंजूर करणारी संस्था), गेट पास. अडचण अशी की मॉडेलमधले पेशंट दोन तासांत घरी जातात. आकृती वॉर्डात दाखवली तर सिस्टर म्हणाल्या, "असं आमच्याकडे होतच नाही."

तीन प्रश्न. उरलेले तीन तास कुठे जातात? स्टाफला या कामात मनापासून कसं सामील करून घ्यायचं? आणि बिलिंगच्या माणसाचा निर्णय या मॉडेलवर घ्यावा का?

रांगेचा_हिशेब

सिस्टर बरोबर बोलल्या. तुमच्या मॉडेलमध्ये कामाचा वेळ आहे, थांबण्याचे नियम नाहीत. एचआयएसची वेळ म्हणजे कुणीतरी बटण दाबलं ती वेळ. बिलिंगवाले पाच-सहा फाइलींचं काम कागदावर उरकून बटणं एकदम दाबतात, तेव्हा त्या नोंदीत प्रत्येक फाइल तीन मिनिटांत झालेली दिसते. फाइल टेबलावर कधी आली हे तर कुठेच लिहिलेलं नसतं.

एक गणित मांडतो. एका अंतिम बिलाला 12 मिनिटं धरा. 24 बिलं आठ तासांत सारखी वाटली तर तासाला तीन, म्हणजे 36 मिनिटांचं काम. क्लार्क 60 टक्केच व्यग्र दिसतो आणि रांग नगण्य. पण वॉर्डातून 10 फाइली साडेबाराला एकगठ्ठा आल्या तर शेवटच्या फाइलीला हात लागेपर्यंत 108 मिनिटं जातात, दहांची सरासरी वाट 54 मिनिटं. त्याच 10 फाइली 15-15 मिनिटांच्या अंतराने आल्या तर तोच एक क्लार्क कुणालाही फारसं ताटकळत न ठेवता पुरतो. दुसरा माणूस घेतला तर गठ्ठ्यातल्या शेवटच्या फाइलीची वाट 48 मिनिटांवर येईल हे खरं, पण सकाळभर दोघेही रिकामे बसतील.

म्हणजे शोधायचं ते हे की गठ्ठा होतो का. बहुतेक ठिकाणी उत्तर असं निघतं: वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, बिलिंग तळमजल्यावर, लिफ्ट एक. वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) चार-पाच फाइली जमल्याशिवाय खाली उतरत नाहीत, आणि त्यांच्या जागी कुणीही असता तरी उतरला नसता. फार्मसी 11 ते 1 ओपीडीच्या गर्दीत औषधं परत घेत नाही. दोन वाजता ड्युटी बदलते, त्याच्या पुढेमागे अर्धा तास फाइल कुणाचीच नसते. डिस्चार्ज कार्ड लिहिणारे आरएमओ (निवासी डॉक्टर) त्याच वेळी ओटीत (ऑपरेशन थिएटर) किंवा कॅज्युअल्टीत असतात. मॉडेलमध्ये तुम्ही 'आरएमओ' हा स्वतंत्र रिसोर्स धरला असणार, जणू तो डिस्चार्ज कार्डासाठीच बसलाय. त्याला प्राधान्यक्रम द्या: इमर्जन्सी आली की कार्ड अर्धवट सोडून जाणार.

आणि तीन प्रवाह वेगळे करा: रोख, टीपीए आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. योजनेच्या पेशंटची कागदपत्रं आरोग्यमित्रांकडून जातात, तो रस्ताच निराळा. तिन्हींची मिळून सरासरी काढली तर ती कुठल्याच पेशंटला लागू पडत नाही.

तिरकस_खडू

इतका खटाटोप कशाला? लिटलचा नियम, 1961 पासून सिद्ध झालेला: आत अडकलेले = येण्याचा दर × थांबण्याचा वेळ. दिवसाला 24 जण, प्रत्येकी पाच तास, दिवसाचे 24 तास, म्हणजे 24 × 5 ÷ 24 = 5 बेड. निघायचं ठरलेल्या लोकांनी तुमचे सरासरी पाच बेड अडवलेले आहेत. हा एक आकडा विश्वस्तांपुढे ठेवा, एक्सेलसुद्धा लागणार नाही.

रांगेचा_हिशेब

@तिरकस_खडू, हा आकडा पहिल्याच पानावर टाकायला हवा, मान्य. पण त्यातून एवढंच कळतं की दुखणं किती मोठं आहे. औषधं आदल्या संध्याकाळी परत केली तर काय होईल, राउंडचा क्रम बदलला तर काय होईल, दोन्ही एकदम केलं तर काय, याला लिटलचा नियम उत्तर देत नाही. तिथे सिम्युलेशन लागतं. मात्र आधी भिंत, मग कॉम्प्युटर, हा क्रम सोडू नका.

स्टाफरूम

'आधी भिंत' म्हणजे काय ते मी लिहिते, कारण इथेच बहुतेक प्रकल्प बिघडतात.

गट सहा ते आठ जणांचा. दोन वॉर्डांतल्या स्टाफ सिस्टर (इन्चार्ज नकोत, रोज फाइल हाताळणाऱ्या हव्यात), बिलिंग क्लार्क, फार्मासिस्ट, टीपीए डेस्क, एक आरएमओ, वॉर्डातले मामा किंवा मावशी, आणि गेटवरचा सिक्युरिटी. शेवटच्या दोघांना सगळे विसरतात. फाइल प्रत्यक्ष चालते ती मामांच्या पायांनी. पहिल्या बैठकीला वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन नसावेत. त्यांच्यासमोर सगळे नियमाप्रमाणे काय व्हायला हवं तेच सांगतात.

वेळ दुपारी 3 ते 4. सकाळच्या ड्युटीच्या सिस्टरना थांबवणार असाल तर तो तास ड्युटीत धरला जाईल हे आधी लेखी घ्या आणि संध्याकाळच्या सिस्टरच्या जागी रिलीव्हर द्या. घरी जायच्या वेळी फुकट बसवून घेतलेल्या माणसाकडून सहभागाची अपेक्षा धरू नका.

भिंतीवर मोठा खाकी कागद. आडव्या पट्ट्या माणसांच्या: आरएमओ, सिस्टर, मामा, फार्मसी, बिलिंग, टीपीए, नातेवाईक. चिठ्ठ्या तीन रंगांच्या: पिवळी म्हणजे काम, गुलाबी म्हणजे थांबणं, निळी म्हणजे परत करावं लागलेलं काम. कालच्या एका खऱ्या फाइलीवरून सुरुवात करा, 'साधारणपणे काय होतं' असं विचारूच नका. प्रत्येक गुलाबी चिठ्ठीला एकच प्रश्न: "कशाची वाट?" उत्तर 'माणसाची', 'कागदाची', 'गठ्ठा होण्याची' की 'परवानगीची', ते चिठ्ठीवरच लिहा. मॉडेलला लागणारे नियम हेच.

वेळा विचारताना सरासरी मागू नका. लवकरात लवकर किती, बहुतेक वेळा किती, आणि वाईट दिवशी किती, असे तीन आकडे घ्या. त्यातून मॉडेलमध्ये त्रिकोणी वितरण (या तीन आकड्यांवरून दर वेळी एक वेळ उचलण्याची पद्धत) टाकता येतं. 'वाईट दिवस' लोक नेहमी कमी सांगतात, म्हणून ते पुढे मोजमापाने ताडून घ्यावं लागतं.

गुणवत्ता_कक्ष

खूप उपयोगी. मोजमापाचंच विचारायचं होतं. स्टॉपवॉच घेऊन कुणी मागे उभं राहिलं की कामाचा वेग बदलतो. शिवाय सिस्टरना धास्ती आहे की या वेळांवरून मेमो निघतील.

स्टाफरूम

धास्ती रास्त आहे. स्टॉपवॉच नकोच. फाइलीला रंगीत चिठ्ठी लावा, प्रत्येक टप्प्यासमोर तीन चौकोन: आली, सुरू केली, पुढे दिली. जो हाताळेल तो घड्याळ बघून लिहील. 'आली' आणि 'सुरू केली' यांतलं अंतर म्हणजे तुमचे हरवलेले तास. दोन आठवडे चालवलंत तर तीनशेच्या आसपास चिठ्ठ्या जमतील. काही गहाळ होतील, काही अर्धवट राहतील, तरी चालेल. रविवार वेगळा ठेवा.

चिठ्ठीवर कर्मचाऱ्याचं नाव, सही, आद्याक्षर काहीही नको. पेशंटचं नाव नको, फक्त प्रवाह (रोख, टीपीए, योजना) आणि वॉर्ड. 'या नोंदी कोणत्याही शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरल्या जाणार नाहीत' हे अधीक्षकांच्या सहीने नोटीस बोर्डावर लावा. ते लावायला अधीक्षक कां-कूं करत असतील तर मोजमाप सुरूच करू नका, आकडे खोटे येतील.

रांगेचा_हिशेब

चिठ्ठ्यांचे आकडे आले की त्यांचा आलेख काढा. उजवीकडे लांब शेपूट असेल, दोन-चार फाइलींना प्रचंड वेळ. त्या 'चुकीच्या' म्हणून काढून टाकू नका, वॉर्डातल्या शिव्या त्यांच्यामुळेच बसतात. लॉगनॉर्मल (अशा लांब शेपटीचं वितरण) बसवा किंवा सरळ मोजलेल्या वेळांतून यादृच्छिक उचला.

तुमचं मॉडेल दिवसापुरतं आहे: सकाळी 8 ला सुरू, शेवटचा पेशंट गेला की बंद. त्यामुळे वॉर्म-अपची (सुरुवातीचा काळ हिशेबातून वगळण्याची) भानगड नाही. वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) निदान 30 वेळा चालवा आणि पल्ला दाखवा, एकच आकडा नको. दोन पर्यायांची तुलना करताना दोन्हींना तेच सीड द्या, नाहीतर फरक पर्यायाचा की नशिबाचा हे कळत नाही. एक आठवड्याच्या चिठ्ठ्यांवर मॉडेल बेता आणि दुसऱ्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांवर तपासा.

कोड वाचता न येणाऱ्यांसमोर सिमपाय मुकं आहे. जामसिम हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात फाइली हलताना दिसतात. एनीलॉजिक या तशाच सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती शिकण्यापुरती असते, रुग्णालयाच्या कामाला ती वापरू नका.

तिरकस_खडू

फाइली हलताना बघायच्या तर टेबलावर सोंगट्या घ्या की. खेळातली एक फेरी म्हणजे वॉर्डातली दहा मिनिटं, प्रत्येक जण आपल्या जागी बसून आपले नियम पाळणार. बिलिंगवाल्याने वॉर्डाच्या जागी बसायचं, सिस्टरने बिलिंगच्या. तासाभरात आख्खा दिवस खेळून होतो, आणि 'हे असं होत नाही' हे वाक्य तिथल्या तिथे निघतं.

रांगेचा_हिशेब

हे मात्र शंभर टक्के. सोंगट्यांचा खेळ कॉम्प्युटरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

गुणवत्ता_कक्ष

पर्यायांची यादी अशी झाली आहे: बिलिंगला माणूस, आदल्या संध्याकाळी 'उद्या संभाव्य डिस्चार्ज' यादी, तात्पुरतं बिल रात्रीच, जादा औषधं संध्याकाळी परत, सकाळी 9 ला सिस्टरनी डिस्चार्जचे कागद आधी उरकणं, आणि 'दुपारी 12 च्या आत इतके टक्के डिस्चार्ज' असं उद्दिष्ट. टीपीएचं उत्तर मात्र आपल्या हातात नाही ना?

स्टाफरूम

सकाळी 9 चा पर्याय मॉडेलमध्ये चमकेल आणि वॉर्डात घात करेल. त्याच वेळी इंजेक्शनं आणि औषधांची फेरी असते. मध्येच फाइलीसाठी उठवलं की डोस चुकण्याची शक्यता वाढते. मॉडेलला फक्त मिनिटं कळतात, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायासोबत दुसरं माप ठेवा: कामाचा ताण. नासा-टीएलएक्सची प्रश्नावली यासाठी चालते. तीत सहा बाबी आहेत: बौद्धिक ताण, शारीरिक ताण, वेळेची घाई, काम कितपत जमलं, कष्ट, वैताग. मराठीत करून सिस्टर, मामा, क्लार्क सगळ्यांकडून बदलाआधी आणि नंतर भरून घ्या, बिननावाची. वेळ घटला आणि एकाच गटाचा ताण चढला, तर काम नुसतं त्यांच्यावर ढकललं गेलंय.

पर्याय सुचत नसतील तेव्हा सीप्स हा आरोग्यसेवेतल्या कामाच्या व्यवस्थेचा आराखडा (विस्कॉन्सिन विद्यापीठ, 2006) कामी येतो: माणूस, काम, साधनं, जागा, संस्थेचे नियम. तुमची यादी बघा, सगळं 'काम' आणि 'नियम' यांतच आहे. जागेचं काही नाही. प्रत्येक मजल्यावर बिलाची छपाई झाली, किंवा फाइल खाली न नेता बिलिंगला स्क्रीनवर दिसली, तर मामांचा गठ्ठाच उरत नाही.

रांगेचा_हिशेब

12 वाजताचं उद्दिष्ट लावू नका. संध्याकाळी 5 ला जाऊ शकणारा पेशंट रात्रभर ठेवून सकाळी सोडला जातो, टक्केवारी सुंदर दिसते आणि बेड आणखी अडतो. मोजायचंच तर 'घरी सोडा' लिहिल्यापासून बेड रिकामा होईपर्यंतचा वेळ मोजा.

टीपीएबद्दल: आयआरडीएआयच्या (विमा नियामक) मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाची विनंती पोचल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. घड्याळ सुरू होतं ते तुमची विनंती गेल्यावर. ती दुपारी 2 ला जात असेल तर मंजुरी यायला नियमात राहूनही 5 वाजू शकतात. तेव्हा टीपीएच्या पेशंटांची कार्डं आणि बिलं राउंडनंतर सगळ्यात आधी, रोखवाल्यांची मागून. हा क्रम बदलायला पैसे लागत नाहीत. मॉडेलमध्ये पहिला हाच घालून बघा.

गुणवत्ता_कक्ष

शेवटचं. कन्सल्टंट बैठकीला येत नाहीत, आणि संभाव्य डिस्चार्जची यादी तर त्यांच्यावरच अवलंबून.

स्टाफरूम

त्यांना तासभर मागू नका. त्यांच्या राउंडच्या शेवटी दहा मिनिटं, भिंतीवरच्या कागदासमोर, उभ्यानेच. पाच बेडचा आकडा आणि त्यांच्याच युनिटच्या चिठ्ठ्या दाखवा, बाकीच्यांच्या नकोत. यादी फक्त 'नक्की' आणि 'बहुधा' अशा दोन खान्यांची, संध्याकाळच्या राउंडला आरएमओने विचारून भरायची. 'बहुधा'तले काही पेशंट राहतील. त्यांचं तात्पुरतं बिल पुन्हा करावं लागेल, तो फुकटचा वेळ मॉडेलमध्ये धरा. परत केलेली औषधं पुन्हा मागवावी लागू नयेत म्हणून 'बहुधा'वाल्यांचे सकाळचे डोस वॉर्डातच ठेवा; संध्याकाळी परत जायचं ते फक्त त्यापलीकडचं.

आधी एकाच वॉर्डात दोन आठवडे चालवा, मेडिकलपेक्षा सर्जिकल वॉर्ड बरा. तिथे डिस्चार्जचा दिवस आधी सांगता येतो.

रांगेचा_हिशेब

आणि त्या दोन आठवड्यांत रंगीत चिठ्ठ्या बंद करू नका. बिलिंगच्या माणसाचा निर्णय त्या चिठ्ठ्या हातात आल्यावर घ्या. गठ्ठा फुटूनही बिलिंगच्या 'आली' आणि 'सुरू केली'मध्ये अर्ध्या तासाच्या वर अंतर राहिलं, तर विश्वस्तांचं बरोबर होतं, माणूस घ्या.