मदत हवी आहे: ४५ तासांची विश्रांती ट्रकच्या केबिनमध्येच घ्यायला लावतात

माझा मावसभाऊ पोलंडच्या एका कंपनीचा ट्रक जर्मनी-बेल्जियमकडे चालवतो. युरोपियन युनियनच्या ५६१/२००६ नियमाप्रमाणे ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये चालत नाही. २०१७ मध्ये युरोपियन न्यायालयानेही तेच सांगितलं. राहण्याचा खर्च मालकाचा. तरी याला सांगतात, "गाडीतच झोप, माल कोण बघणार?" पार्किंगच्या कडेला छोट्या गॅसवर भात शिजवून शनिवार-रविवार काढतो बिचारा. टॅकोग्राफवर (गाडी कधी चालली, कधी थांबली याची नोंद करणारं यंत्र) गाडी थांबलेली दिसते, माणूस कुठे झोपला ते नाही. वर धमकी, की दंड झाला तर पगारातून कापू! हे कायद्यात बसतं का? तक्रार पोलंडच्या कामगार निरीक्षकांकडे करायची, की गाडी थांबते त्या देशात? वर्क परमिट याच कंपनीचं असल्याने तो फार घाबरलाय. तिकडे कुणी ट्रकवर असेल किंवा ड्रायव्हर युनियनमध्ये ओळख असेल तर कृपया लवकर कळवा.