मदत हवी आहे: मराठी माध्यमातल्या मुलाची डिस्लेक्सियाची तपासणी आणि शिकवणी

नमस्कार मंडळी. मुलगा सहावीत, मराठी माध्यम, आम्ही साताऱ्याला असतो. तोंडी विचारलं तर इतिहासाचा अख्खा धडा सांगतो. लिहायला बसला की 'घर'चं 'धर' होतं, भ आणि म मध्ये गल्लत होते, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. जोडाक्षर आलं की वाचन तिथेच थांबतं. शाळेत 'लक्ष देत नाही' एवढंच ऐकवतात. मला ते अजिबात पटत नाही, पोरगं रडकुंडीला येईपर्यंत प्रयत्न करतं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, हा तिचाच प्रकार) येते आणि दहावीला बोर्ड जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं, हे माहीत आहे. मुंबईत सायन रुग्णालयात तपासणी होते. पण पुणे-सातारा-कोल्हापूर भागात मराठीतून चाचणी घेणारं कोणी आहे का? या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी आधी जिल्हा रुग्णालयात जायचं की थेट पुणे गाठायचं?

मुख्य म्हणजे मराठी वाचन शिकवणारे विशेष शिक्षक हवेत, ऑनलाइनही चालतील. इंग्रजी साहित्य ढीगभर मिळतं, पण त्यात वेलांटी-जोडाक्षरांचं काहीच नसतं.

सध्या ताटात रवा पसरून, मोठ्याने म्हणत बोटाने अक्षरं गिरवतो. त्यात तो रमतो. तुम्ही घरी काय करता, तेही कळवा.